अकरावीला कला शाखेतून अर्थशास्त्र घेताना गणित सोबत ठेवावे का?

कोयनाकाठ
नमस्कार. माझी मुलगी यंदा मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झाली असून तिला पुढे अर्थशास्त्रातच पदवी घ्यायची आहे. इतिहास आणि राज्यशास्त्र हेही तिच्या आवडीचे विषय असल्यामुळे ती कला शाखेचा आग्रह धरून बसली आहे. तालुक्याच्या ठिकाणी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही चौकशी केली, तेथे ‘कलेच्या मुलांना गणित नसते’ एवढेच उत्तर मिळाले. दहावीला तिला गणितात चांगले गुण आहेत, पण गोडी आहे असे काही म्हणवत नाही. गणिताविना बारावीचे अर्थशास्त्र नीट समजते का, आणि पदवीला किंवा त्यानंतर गणित नसल्याची अडचण होते का, हे कृपया जाणकारांनी सांगावे. शेजारच्या एका गृहस्थांच्या मते अर्थशास्त्र हा निव्वळ पाठांतराचा विषय आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

फळा_आणि_खडू
कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्रच शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याला मिळालेले उत्तर नियमाला धरून नाही. राज्य मंडळाचा ‘गणित आणि संख्याशास्त्र’ हा विषय कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांसाठी आहे (विषय क्रमांक ४०), तर वाणिज्य शाखेचे गणित वेगळे आहे (८८). अडचण असते ती महाविद्यालयाची, कारण कलेच्या चार-पाच मुलांसाठी वेळापत्रकात तासिका बसवायला सहसा कोणी तयार नसते. त्यामुळे पसंतीक्रम भरण्यापूर्वी कोणत्या महाविद्यालयात अर्थशास्त्र आणि गणित ही जोडी प्रत्यक्ष मिळते, याची खात्री करून घ्यावी आणि ती कार्यालयातल्या खिडकीवर न करता थेट प्राचार्यांकडे करावी.

आता अभ्यासक्रमाविषयी. अकरावीत विभाजन मूल्ये, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार, दहा, शंभर समान भाग करणारे चतुर्थक, दशमक, शतमक, आणि बारावीत मागणीची लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते, याचे माप) व निर्देशांक एवढाच काय तो आकडेमोडीचा भाग आहे. दहावीचे गणित ज्याला जमले त्याला हे सहज जमते. उरलेल्या भागात राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्तव्यवहार, नाणे बाजार, परकीय व्यापार असे घटक येतात. ८० गुणांची लेखी परीक्षा पाठांतरावर निभावता येते हे खरे असले, तरी त्यातून विषय आला असे समजू नये.

एक उदाहरण देतो. वस्तूची किंमत १० रुपये असताना मागणी ६ नग होती आणि किंमत ८ रुपये झाल्यावर ती ९ नग झाली. एकूण खर्च ६० रुपयांवरून ७२ रुपयांवर गेला, म्हणजे किंमत उतरूनही ग्राहकांचा खर्च वाढला. मागणी जास्त लवचीक आहे. शेकडेवारीने पाहिले तर किंमत २० टक्के घटली आणि मागणी ५० टक्के वाढली, म्हणून लवचिकता २.५. वर्गातील बहुतेक मुले दोन्ही पद्धतींच्या व्याख्या बिनचूक लिहितात, पण एकाच कोष्टकावर दोन्ही लावून उत्तरे एकमेकांशी जुळतात का, हे फार थोडी मुले पाहतात. मुलीला पहिल्या महिन्यापासून असे पाहण्याची सवय लावा. अनुसूची स्वतः तयार करावी, आलेख कागदावर स्वतः काढावा, अक्षांवर काय मोजले आहे ते लिहावे.

राष्ट्रीय उत्पन्नाचेही तसेच. शेतकऱ्याने १०० रुपयांचा कापूस विकला, त्याचे १६० रुपयांचे सूत झाले, सुताचे २५० रुपयांचे कापड आणि कापडाचे ४०० रुपयांचे कपडे झाले. सगळे आकडे मिळवले तर ९१० येतात, पण देशाच्या उत्पन्नात भर पडते ती ४०० रुपयांचीच. प्रत्येक टप्प्यावरची मूल्यवृद्धी १००, ६०, ९० आणि १५० अशी मांडली की दुहेरी गणना म्हणजे काय, हे वेगळे समजावावे लागत नाही.

एमपीएससी_वारी
सरांच्या शिकवण्याविषयी आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. मी गणित न घेता बारावी केली, राज्यातल्याच विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो आणि कुठेही अडलो नाही. स्पर्धा परीक्षांत अर्थव्यवस्थेवर जे विचारले जाते, त्याला राजकोषीय तूट, रेपो दर, १९९१ च्या सुधारणा, वस्तू व सेवा कर हे नीट समजले असले की पुरते. अवकलनाची, म्हणजे बदलाचा दर काढण्याच्या गणिताची, गरज पडत नाही. मुलीचा कल इतिहास आणि राज्यशास्त्राकडे असेल, तर गणितापायी यांपैकी एक विषय सोडायला लावणे मला योग्य वाटत नाही.

शतमक
आपल्या मार्गापुरते आपले म्हणणे बरोबर आहे, पण प्रश्न अर्थशास्त्रातच पुढे जाण्याचा आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या बी.ए. ऑनर्ससाठी सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताची परीक्षा द्यावीच लागते. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते आणि तिच्या पहिल्याच अर्थशास्त्र प्रश्नपत्रिकेत गणिती व सांख्यिकी पद्धतींचा समावेश आहे. मी एम.ए. करताना, बारावीला गणित सोडलेले माझे वर्गमित्र पहिले सत्र निव्वळ अवकलन शिकण्यात घालवत होते. ते हुशार नव्हते असे नाही, पण बाकीचे सिद्धान्त वाचत असताना हे चिन्हे वाचत होते.

कोयनाकाठ यांना एक पर्याय सुचवतो. वाणिज्य शाखेचे गणित अर्थशास्त्राला अधिक जवळचे आहे. त्यात अवकलनाचा उपयोग करून मागणीची लवचिकता काढायला शिकवतात, शिवाय समाश्रयण (एका राशीवरून दुसरीचा अंदाज), कालश्रेणी (काळानुसार बदलणारे आकडे) आणि निर्देशांकही आहेत.

कोयनाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. वाणिज्य शाखेचा पर्याय मुलीपुढे ठेवला. ‘मग इतिहास आणि राज्यशास्त्र गेलेच’ म्हणून तिने तो तत्काळ नाकारला. शेजारच्या तालुक्यातील एका महाविद्यालयात कलेसोबत गणित मिळते, मात्र रोज एसटीने जाऊन-येऊन करावे लागेल. तो प्रवास करण्याइतके हे महत्त्वाचे आहे का? की जवळच्या महाविद्यालयात गणिताशिवाय प्रवेश घेऊन घरी गणित शिकता येईल?

फळा_आणि_खडू
एसटीची वेळ महाविद्यालयाच्या वेळेशी जुळत असेल, तर मी प्रवासाच्या बाजूने मत देईन. घरी शिकता येते, परंतु परीक्षा नसलेला विषय दिवाळीनंतर मागे पडतो, असा माझा विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे. शिवाय पुढे एखाद्या संस्थेने बारावीच्या गुणपत्रिकेवर गणित मागितले, तर घरचा अभ्यास दाखवता येत नाही.

मुलीचा कल तपासायचा असेल, तर निर्णयापूर्वी तिला एक प्रश्न घालून पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. देशातल्या बाजारात पुरवठा वक्र कोणत्या बाजूला सरकेल, आणि त्यानंतर मागणीत जे घडेल त्याला विस्तार म्हणायचे की वृद्धी? किंमत उतरल्याने मागणी वाढली तर तो विस्तार, इतर कारणाने वाढली तर ती वृद्धी; पुस्तकात या दोन्ही संज्ञा शेजारी शेजारी आहेत आणि बारावीची मुलेही त्यांत गल्लत करतात. उत्तर चुकले तरी हरकत नाही. ते शोधताना तिने आपणहून कागदावर दोन रेषा काढल्या, तर एसटीचा पास काढायला हरकत नाही.