प्रतिसाद: आन्टोन ग्राफ फक्त दरबारी चित्रकार?

वर कोणीतरी ग्राफला, म्हणजे अठराव्या शतकातल्या या पोर्ट्रेट काढणाऱ्याला, नुसता दरबारी चित्रकार म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. माणूस मूळचा स्विस, १७३६ मध्ये विंटरथूरला जन्मला, वडील कथलाची भांडी ओतायचे, आणि १७६६ ला ड्रेस्डेनला गेला तो सॅक्सनी या जर्मन राज्याच्या दरबाराचा चित्रकार म्हणून हे खरंय, पण त्याची खरी कमाई म्हणजे त्याने काढलेले लेखक-विचारवंत, नाटककार लेसिंग काय, तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन काय, त्या काळातले जर्मन चेहरे आपल्याला माहीत आहेत ते बरेचसे त्याच्यामुळेच.

जर्मन कवी-नाटककार शिलरचं पोर्ट्रेट तर बघाच! १७८६ ला सुरू केलं, पूर्ण व्हायला १७९१ उजाडलं, कारण शिलर एका जागी बसेचना, शेवटी हातावर डोकं टेकवलेल्या पोझमध्ये त्याला बसवलं आणि तीच पोझ चित्रात किती जिवंत वाटते. कपड्यांचा थाट नाही, सगळा उजेड चेहऱ्यावर.

शिवाय ड्रेस्डेनच्या कला अकादमीत ग्राफ शिकवायचा, १७८९ ला प्रोफेसर झाला. १८१३ मध्ये, म्हणजे गेला त्याच वर्षी, डोळ्यांवर उजेड अडवणारी झडप लावलेलं सेल्फ-पोर्ट्रेट केलंय, दृष्टी अधू झाली तरी हात थांबला नाही. ते बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे, तिकडे जाणाऱ्यांनी चुकवू नका.