‘अपाला’ हे नाव : अर्थ, उगम आणि बारशापूर्वीची एक शंका

तलावपाळी (ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला गेल्या महिन्यात मुलगी झाली असून सव्वा महिना पूर्ण झाल्यावर पाचपाखाडीच्या घरी बारसे करायचे ठरले आहे. बाळाचा जन्म कृत्तिका नक्षत्राच्या पहिल्या चरणावर झाल्यामुळे नावरसाचे अक्षर ‘अ’ आले आणि भाऊ-भावजयीने पुष्कळ शोधाशोध करून ‘अपाला’ हे नाव निवडले. भावजयीने महाविद्यालयात संस्कृत घेतले होते आणि हे नाव तिच्या मनात तेव्हापासून होते, असे ती सांगते.

माझ्या वडिलांना मात्र हे नाव पसंत नाही. त्यांनी शब्दकोश काढून पाहिला. पाल म्हणजे रक्षण करणारा, म्हणून अपाला म्हणजे जिला कोणी रक्षणकर्ता नाही ती, असा अर्थ त्यांना मिळाला. आईवडील, आजोबा, काका, आत्या असे सगळे हयात असताना पोरीला जन्मतःच निराधार का म्हणायचे, असे ते विचारतात. शिवाय अपालेला कोड होते आणि त्यामुळे नवऱ्याने तिला टाकले होते, अशी कथा त्यांनी लहानपणी कीर्तनात ऐकली आहे, आणि ती त्यांच्या मनातून जात नाही. वडील हट्टी नाहीत, नातीच्या काळजीपोटीच ते बोलत आहेत, म्हणून त्यांचे म्हणणे मला झटकून टाकता येत नाही.

बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्येचा, म्हणजे माझा आहे. जे नाव मी तिला सर्वांत आधी ऐकवणार, त्याविषयी माझ्या मनात किंतु राहू नये, एवढीच माझी इच्छा आहे. या नावाचा मूळ संदर्भ काय आहे, अर्थ खरोखरच अशुभ आहे का, आणि हे नाव धारण करणारी कोणी व्यक्ती आपल्याकडे आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी पोथी (डोंबिवली) यांचे उत्तर

मी 31 वर्षे माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवले आहे, त्यामुळे आपल्या वडिलांचा शब्दकोश बरोबर आहे हे आधी सांगतो. गोपाल, महीपाल या शब्दांत जो ‘पाल’ आहे तोच इथे आहे आणि त्यामागे नकारार्थी ‘अ’ लागला आहे. जिला पाल नाही ती अपाला, असा तो बहुव्रीही समास होतो. नावांच्या संकेतस्थळांवर हल्ली ‘जिला रक्षणकर्त्याची गरजच नाही ती’ असा अर्थ दिलेला आढळतो. तो सद्भावनेने दिलेला असला तरी व्याकरणातून निघत नाही, आणि वडिलांसमोर तो ठेवू नये असे मला वाटते, कारण ते पुन्हा शब्दकोश उघडतील.

परंतु नकारार्थी ‘अ’ लागला म्हणजे नाव अशुभ झाले, असे आपण एरवी कुठे मानतो? आपल्या पिढीत ठाणे-डोंबिवलीच्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक इयत्तेत एक तरी अपर्णा होती. अपर्णा म्हणजे जिच्यापाशी पानसुद्धा नाही ती. शंकरासाठी तप करताना पार्वतीने गळून पडलेली पाने खाणेही सोडले म्हणून तिला हे नाव मिळाले, असे कालिदासाने कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात सांगितले आहे. नुसता शब्द फोडला तर ते उपासमारीचे नाव ठरेल, पण ती कथा आपल्याला ठाऊक असल्यामुळे आपण त्यात तपश्चर्या ऐकतो. अनसूया म्हणजे असूया नसलेली आणि अदिती म्हणजे बंधन नसलेली, हीही नावे अशीच घडली आहेत. अपालेचे दुर्दैव एवढेच की तिची कथा आपल्या घरांत सांगितली गेली नाही, आणि जी सांगितली गेली ती अर्धीच.

म्हणून मूळ सूक्ताकडे जाऊ. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील 91 वे सूक्त हे अपालेचे. त्यात अवघ्या सात ऋचा आहेत. अनुक्रमणीत, म्हणजे सूक्तांच्या ऋषी-देवतांची नावे देणाऱ्या जुन्या सूचीत, तिचा उल्लेख अत्रिकुळातील ऋषिका म्हणून आहे. पहिल्या ऋचेत एक मुलगी पाण्यावर निघाली आहे आणि वाटेत तिला सोमवल्ली सापडते. ती घरी नेताना ती त्या वल्लीशीच बोलते : तुला मी इंद्रासाठी पिळीन. सोम कुटायला तिच्यापाशी दगड नाहीत, यज्ञशाळा नाही, पुरोहित नाही, म्हणून ती तो दातांनी चावून त्याचा रस काढते. सूक्तात त्यासाठी ‘जम्भसुत’ असा नेमका शब्द आहे. घरोघर डोकावत चाललेल्या इंद्राला ती म्हणते, हा माझ्या दातांनी पिळलेला सोम पी, त्यासोबत भाजलेले धान्य आहे, करंभ (कालवलेले पीठ) आहे, अपूप (गोड वडा) आहे. हा अपूप आपल्याला परका नाही. अधिक मासात जावयाला 33 अनारसे देताना आपण ज्याला अपूपदान म्हणतो, तोच हा शब्द. त्या मुलीने देवापुढे घरातला खाऊ ठेवला आणि मंत्रही स्वतःच म्हटला, एवढे या ऋचेतून स्पष्ट दिसते.

त्यानंतर ती काय मागते, ते आपल्या वडिलांना अवश्य वाचून दाखवावे. पाचव्या ऋचेत तीन गोष्टी आहेत : ‘शिरस्ततस्योर्वराम्’ आणि मग स्वतःचे शरीर. ‘शिरः’ म्हणजे डोके, ‘तत’ म्हणजे तात, वडील, आणि ‘उर्वरा’ म्हणजे शेत. वडिलांच्या डोक्यावरचे केस गेले आहेत ते पुन्हा उगवू देत, आमच्या शेतात पीक उगवू दे, आणि सर्वांत शेवटी माझ्या अंगावर लव उगवू दे. तिन्ही मागण्यांचे क्रियापद ‘वि रोहय’ हे एकच आहे. वडिलांचे टक्कल, ओसाड शेत आणि स्वतःचे अंग यांकडे ती एकाच नजरेने पाहते. ज्या मुलीला ‘पाल नसलेली’ असे म्हटले गेले, ती बोलताना वडिलांचा आणि घरच्या शेताचा सांभाळ करू पाहते, ही गोष्ट मला वर्गात शिकवताना दरवेळी थांबवून ठेवीत असे.

आता कोडाविषयी. त्वचारोगाचा उल्लेख सूक्तात नाही. चौथ्या ऋचेत पतीशी न पटणाऱ्या स्त्रियांचा शब्द येतो आणि सातव्या ऋचेत इंद्राने तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या छिद्रातून तीनदा शुद्ध करून ‘सूर्यत्वच’, म्हणजे सूर्यासारख्या कांतीची केले असे येते. या दोन धाग्यांवरून पुढे बृहद्देवतेसारख्या ग्रंथांत त्वचारोगाची कथा रचली गेली. तिची जुनी कातडी तीनदा निघाली आणि तिच्यापासून साळिंदर, घोरपड आणि सरडा झाले, अशी कथा सायणाचार्यांनी भाष्यात शाट्यायन ब्राह्मणावरून दिली आहे. कीर्तनात पोहोचली ती ही उत्तरकालीन कथा. काही अभ्यासकांच्या मते मूळ सूक्त वयात येणाऱ्या मुलीचे आहे, आणि लव उगवण्याची मागणी पाहता मलाही ते पटते. पण समजा कथाच खरी मानली, तरी कोड असलेल्या माणसाचे नाव ठेवू नये, असे म्हणणे आज आपल्यापैकी कोणाला शोभेल, असे मला वाटत नाही.

हे नाव दुर्मीळ का राहिले, याचेही कारण यातच असावे. गार्गी आणि मैत्रेयी या बृहदारण्यक उपनिषदातील स्त्रिया सभेत किंवा पतीसमोर प्रश्न विचारतात. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांना दाखला म्हणून त्या सोयीच्या होत्या, त्यामुळे त्यांची नावे भाषणांतून आणि पाठ्यपुस्तकांतून घरोघरी गेली. अपाला विद्वत्सभेत बोलत नाही. ती पाणवठ्याच्या वाटेवर बोलते.

नेरूळची अपाला यांचे उत्तर

हा प्रश्न वाचून मी प्रथमच इथे लिहीत आहे, कारण माझे नाव अपाला आहे. माझे बालपण वाशीत गेले, आता मी नेरूळला राहते आणि वयाची चाळिशी ओलांडली आहे. या नावाची दुसरी स्त्री मला आजवर प्रत्यक्ष भेटलेली नाही, त्यामुळे आपल्या भाचीविषयी वाचताना मला फार आनंद झाला.

व्यवहारातली अडचण अर्थाची नाही, उच्चाराची आहे. देवनागरीत ‘अपाला’ आणि ‘आपला’ यांत गोंधळ होत नाही, परंतु इंग्रजीत दोन्ही एकाच अक्षरांनी लिहिता येतात. शाळेत हजेरी घेताना नव्या बाई दरवर्षी ‘आपला’ म्हणत आणि सगळा वर्ग हसत असे. आजही घरी सामान पोहोचवणारी मुले फोनवर ‘आपला मॅडम का?’ असे विचारतात. माझ्या आईवडिलांनी इंग्रजीत ‘पी’नंतर एकच ‘ए’ लिहिला होता. तो दहावीच्या प्रमाणपत्रावर तसाच गेला आणि मग सगळीकडे तसाच राहिला. आपण पहिल्या दिवसापासून ‘पी’नंतर दोन ‘ए’ लिहावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. लहानपणी मुले ‘पाला, पाला’ असेही चिडवीत, आणि मी रडत घरी आले की आजी मला मांडीवर घेऊन ‘माझी अपू’ म्हणत असे. ते नाव आजही माहेरी चालते.

जुनी पोथी यांनी ज्या ऋचेबद्दल लिहिले आहे, तिच्याविषयी मला एक सांगायचे आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना कर्करोग झाला आणि केमोथेरपीच्या दुसऱ्या फेरीनंतर त्यांचे केस गेले. उशीच्या अभ्र्यावर केसांचे पुंजके पडलेले असत आणि त्यांना ते दिसू नयेत म्हणून मी ते पहाटेच झटकून टाकीत असे. त्या दिवसांत एका दुपारी वडील म्हणाले, तुझे नाव मी ज्या सूक्तावरून ठेवले ते तू कधी वाचलेस का? मी वाचले नव्हते. त्यांनी मला कपाटातली प्रत काढायला लावली आणि मी त्यांच्या खाटेशी बसून ती ऋचा वाचली. ‘वडिलांचे डोके’ या शब्दांपाशी आल्यावर मला पुढे वाचता येईना. ते उरलेले स्वतः म्हणाले, पाठ होते त्यांना.

उपचार संपल्यावर दोन-अडीच महिन्यांनी त्यांच्या डोक्यावर जावळासारखी मऊ, करडी लव आली. मी तिच्यावरून हात फिरवला होता. वडील त्यानंतर चार वर्षे आमच्यात होते. नावाचा अर्थ विचारणाऱ्यांना मी आता शब्दकोशातला अर्थ सांगते आणि लगेच ती ऋचाही सांगते.

खाडीकाठ (कळवा) यांचे उत्तर

थोडे वेगळे मत मांडतो. नाव कितीही अर्थपूर्ण असले तरी आजोबांच्या मनात सल राहणार असेल, तर त्याच कुळातले दुसरे नाव पाहता येईल. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील 28 वे सूक्त विश्ववारा या अत्रिकुळातीलच ऋषिकेचे आहे आणि त्या नावाच्या ‘सर्वांना हवीशी’ या अर्थाविषयी कोणाची तक्रार होणार नाही. अर्थात नावरसाचे अक्षर ‘अ’ हवेच असेल, तर पत्रिकेसाठी एक नाव आणि व्यवहारासाठी दुसरे असेही आपल्याकडे चालतेच.

नोंदवही (ठाणे) यांचे उत्तर

नावाविषयी एकमत व्हायला वेळ लागत असेल तर घाई करू नये. जन्माची माहिती 21 दिवसांत द्यावी लागते, पण त्या वेळी नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. नंतर नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यापुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत नाव नोंदवता येते. मात्र एकदा नोंदवलेले नाव मागाहून बदलणे हे जिकिरीचे काम आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखलाच जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा आधार धरला जातो, तेव्हा त्यावरचे देवनागरी आणि इंग्रजी अशी दोन्ही रूपे अर्जावर स्वच्छ अक्षरांत लिहावीत आणि दाखला हाती आल्यावर खिडकीपाशीच एकेक अक्षर तपासून घ्यावे. नेरूळच्या ताईंनी सांगितलेला दोन ‘ए’चा मुद्दा तिथेच निकालात निघेल.

तलावपाळी (ठाणे) यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्रीची जेवणे झाल्यावर मी वडिलांना ही सगळी उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. अपर्णेच्या दाखल्यावर त्यांनी मान डोलावली, पण ते काही बोलले नाहीत, कारण अपर्णा हे माझ्या आईचे नाव आहे आणि तिला जाऊन नऊ वर्षे झाली. नेरूळच्या अपालाताईंचे उत्तर वाचून संपल्यावर ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी ती पाचवी ऋचा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मागितली. अर्थ अजूनही त्यांना पूर्णपणे रुचलेला नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले, पण बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी ती ऋचा आपण स्वतः म्हणणार, असेही ते म्हणाले. भावजय आज दुपारपासून त्यांच्याकडून ‘शिरस्ततस्योर्वराम्’ हा संधी सोडवून म्हणवून घेत आहे. भावाने अर्जावर इंग्रजी नाव लिहिताना ‘पी’नंतर दोन ‘ए’ लिहिले आहेत. घरात बाळाला ‘अपू’ म्हणण्याची परवानगी मी अपालाताईंकडे मागते आहे.