ग्राहकाच्या बागेतली कुत्र्याची शी उचलायची कुणी?

खुरपेवाला

राम राम मंडळी. पुण्यात औंध-बाणेर भागात बंगल्यांच्या बागा सांभाळतो. मी आणि दोन पोरं. चौदा बागा, प्रत्येकीकडे आठवड्याला एक फेरी. सहा घरांत कुत्री आहेत आणि कुत्र्यांशी माझं काही वाकडं नाही.

गेल्या मंगळवारी एका बंगल्यात पोऱ्यानं ब्रश कटर चालू केला. पावसानं गवत वाढलेलं, खाली काय पडलंय ते दिसत नव्हतं. गवत कापणारी, गरगर फिरणारी नायलॉनची दोरी थेट शीच्या ढिगात गेली. ज्यांनी हे यंत्र चालवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. पँट, शर्ट, गळा, तोंड. गॉगल होता म्हणून डोळे वाचले. बाई वर गॅलरीत चहा घेत होत्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही रोज शेणखतात हात घालता, त्यात काय एवढं?"

पोऱ्या नळाखाली चुळा भरत होता. मी काही बोललो नाही. पण आता ठरवलंय: फेरीच्या आदल्या संध्याकाळी मेसेज करणार. सकाळी लॉन साफ नसेल तर त्या दिवशी काम नाही, आणि फेरीचे पैसे मात्र लागतील. चुकतंय का माझं?

दोन लॅबची आई

चुकतंय. मी महिन्याला २८०० रुपये देते ते बाग स्वच्छ राहावी म्हणून. वाळलेली पानं, पक्ष्यांची घाण, शेजारच्या मांजरानं वाफ्यात केलेलं, हे सगळं माळी मुकाट्यानं काढतो. मग कुत्र्याच्या पॉटीनंच काय घोडं मारलंय? मी साठी ओलांडलेली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ओल्या गवतात वाकून रोज शोधत बसू? ते जमत असतं तर माळी कशाला ठेवला असता?

आणि न केलेल्या कामाचे पैसे घेणार, हे तर भारीच.

कडुनिंब

शेणखताच्या मुद्द्यावर थोडं. गाय गवत खाते, आणि आपण शेण ताजं नाही वापरत, चार-सहा महिने खड्ड्यात कुजवून वापरतो. कुत्रा मांस-अंडी खातो, त्याच्या आतड्यातले जंत वेगळे. त्यातल्या अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या, उबदार मातीत आठवड्याभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. कातडीवर नागमोडी लाल रेघ उमटते, खाजून जीव जातो. गोलकृमीची अंडी तर मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

आता गंमत बघा. गोलकृमीची अंडी ताज्या शीत असली तरी लगेच बाधत नाहीत, त्यांना मातीत दोन-चार आठवडे लागतात. म्हणजे रोजच्या रोज उचललं तर धोका कमी, आणि "माळी येईल तेव्हा बघू" म्हणून साठवलं तर जास्त. माळी आठवड्यातून एकदा येतो. हिशोब तुम्हीच करा.

अवांतर: हे घरच्या कंपोस्टात टाकू नका, निदान भाजीला घालायच्या खतात तर नाहीच. जंतू मरायला ढीग आतून साठ अंशांच्या आसपास तापून बरेच दिवस तसाच राहावा लागतो. गॅलरीतल्या ड्रममध्ये एवढी उष्णता होत नाही.

नाशिकचा हिरवा

मीही याच धंद्यात, बावीस वर्षं. खुरपेवाले, तुम्ही उगाच ताणताय. मी कुत्र्याच्या घरी महिन्याला ३०० जास्त लावतो आणि उचलतो, विषय संपला. मशीन काढायच्या आधी लॉनवर एक चक्कर, हातात घमेलं आणि छोटं फावडं. पातळ असेल तर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग खरवडायचं. पाण्याचा पाइप मुळीच मारायचा नाही, त्यानं सगळं गवताच्या मुळात बसतं. चौदा बागांत सहा कुत्र्यांची घरं म्हणता, ती सोडून खाणार काय?

पायवाट

नाशिकचा हिरवा, एक विचारू? ते ३०० घेऊन फावडं तुम्ही धरता की पोऱ्याच्या हातात देता?

नाशिकचा हिरवा

पोऱ्या धरतो. त्याचा पगार मीच देतो ना.

पायवाट

तेच म्हणत होतो. पैसे तुमचे, वास त्याचा. आपल्याकडे घाण उचलणं हे नुसतं काम कधीच नव्हतं, ते कुणाच्या माथी मारलं जायचं हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. माळ्यानं "नाही" म्हटलं की लोकांना राग येतो तो २८०० रुपयांमुळे नाही, त्यानं नाही म्हटल्यामुळे येतो. त्याच घरातल्या मोलकरणीला विचारून बघा. ती उचलत नाही, आणि तिला कुणी दुसऱ्यांदा सांगतही नाही, कारण ती सोडून गेली तर भांडी पडतात.

दोन लॅबची आई

झालं, जात आलीच! पॉटीच्या धाग्यावरसुद्धा! माझ्या माळ्याला मी काका म्हणते, चहा-पोहे दिल्याशिवाय सोडत नाही.

पायवाट

काका म्हणता म्हणूनच तो नाही म्हणू शकत नाही, ताई.

शेपटीवाल्यांचा मामा

एक बाजू कुणी मांडलीच नाही. माळी एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो, त्याच बुटांनी. माझं अडीच महिन्यांचं पिल्लू पार्व्होनं गेलं. कुठून आला ते कळलं नाही आणि मी माळ्यावर आळ घेणार नाही. पण हा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून बाहेर पडतो आणि मातीत कित्येक महिने जिवंत राहतो, साध्या साबणाला दाद देत नाही. लसीचे सगळे डोस न झालेलं पिल्लू घरात असेल तर त्याला नुसता बूट पुरतो. तेव्हा स्वच्छ लॉन हा माळ्यावर उपकार नाही. खुरपेवाले, गमबूट ठेवा आणि दर बागेनंतर आधी माती धुऊन मग ब्लीचच्या पाण्यात बुडवा.

कडुनिंब

+१. आणि दोन लॅबची आई, वाकायला नको असेल तर लांब दांड्याचा चिमटा-डबा मिळतो, उभ्यानं उचलता येतं. उचललेलं घरच्या संडासात टाका, पिशवीशिवाय. पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात टाकलंत की सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताई ती हातानं वेगळी करतात. म्हणजे माळ्याचं टाळून तिच्या गळ्यात.

लॉनवर मधे पिवळे आणि कडेला गर्द हिरवे गोल दिसतात ते शीचे नाहीत, लघवीचे. नत्र जास्त झालं की मधलं जळतं आणि कडेचं फोफावतं. त्यावर मात्र लगेच भरपूर पाणी मारायचं.

दोन लॅबची आई

चिमट्याचं माहीत नव्हतं, बघते. पण पैशाचा मुद्दा सोडणार नाही. काम न करता पैसे कसले?

खुरपेवाला

ताई, तीन माणसं, टेम्पो, डिझेल, आणि तो तासाचा वेळ दुसऱ्या कुणाला देता येत नाही. डॉक्टरची वेळ घेऊन गेला नाहीत तर तो नाराज होतोच ना? तरी तुमचं अर्धं मानतो. पूर्ण फेरीऐवजी अर्धे पैसे घेईन. आणि ज्यांना खरंच जमत नाही त्यांच्याकडे मी स्वतः उचलेन, पोरं नाही. जास्तीचे पैसे घेऊनच, ३०० नाही, ५००. नाशिकवाले, तुम्ही स्वस्तात करताय.

नाशिकचा हिरवा

स्वतः उचलणार? वर्षभरानं विचारतो. बाकी त्या गॅलरीवाल्या बाईंचं काय झालं?

खुरपेवाला

सोमवारी मेसेज टाकला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मंगळवारी गेलो. चार ढीग मोजले, फोटो काढून पाठवला आणि गाडी वळवली. आज शनिवार. पाऊस थांबलेला नाही, गवत आता घोट्याच्या वर आलं असेल. फोन अजून आलेला नाही.