"घरच्यांना समजावून सांगतो" म्हणजे सेवा दिली असं नव्हे

साखळीची लेक:
शनिवारी एका म्हापशेकर सीएंनी इथे लिहिलं होतं: "आमची चार माणसांची फर्म, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर्षाला दोन-तीन अपंग क्लायंट येतात. त्यांच्या घरी जाऊन सही घेतो, कागद घरच्यांना समजावून सांगतो, जादा फी घेत नाही. तरी लोक कायदा दाखवतात, रॅम्प करा, वेबसाइट बदला. आम्ही कामं करायची की इमारती बांधत बसायचं?" खाली सगळ्यांनी त्यांना शाबासकी दिलीय. दोन दिवस गप्प बसले, आता लिहिते.

जिना राहू दे बाजूला. मला खुपलं ते मधलं वाक्य. कागद घरच्यांना समजावून सांगतो. क्लायंट कोण, मी की माझ्या घरचे?

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, नजर हळूहळू जाण्याचा आजार. पस्तिशीत छापलेलं वाचणं संपलं. वडील गेल्यावर घर आणि कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, यांची इन्व्हेंटरी निघाली, वारसांत वाटणी करायची कोर्टातली प्रक्रिया. वकील ओळखीतले, माणूस भला. पण त्यांच्या ऑफिसातून फोन जायचा तो भावाला, "बायेक सांग" म्हणून. माझा नंबर त्यांच्याकडे होता. एकदा व्हॉट्सॲपवर मसुदा आला, छापून परत स्कॅन केलेला. माझा फोन टॉकबॅकवर सगळं वाचून दाखवतो, या मसुद्यावर बोट ठेवलं की नुसतं "प्रतिमा" म्हणायचा. अकरा पानं, अकरा वेळा प्रतिमा. भाऊ म्हणाला, नेहमीचाच कागद आहे, सही कर. संध्याकाळी शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी आली, तिने वाचला. सातव्या पानावर मी घरातला हिस्सा सोडत होते.

भाऊ लबाड नाही. मला कुळागरातलं मिळतंय म्हणजे घराचं ठरलेलंच आहे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं. राग त्याच्यावर नाही, ज्यांची फी माझ्याही हिश्श्यातून गेली त्यांच्यावर आहे. गोव्यात मुलगा-मुलगी सारखे वारस, हे आपण बाहेरच्यांना अभिमानाने सांगतो. मग ज्याच्याशी वाटणी व्हायची त्याच्याच तोंडून मला कागद का ऐकवता?

दुसरा मजला, म्हापसा:
मीच तो. ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण ते तुमच्या वकिलाने केलं, जाब मला का विचारता? माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. सात वर्षं त्यांना मी उचलून मोरीत नेलं, अंथरुणातून उठवलं. अपंगत्व काय असतं ते मला कुणी शिकवू नये.

आणि रॅम्प रॅम्प करणाऱ्यांनी हिशोब करून बघा. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. आमचं ऑफिस रस्त्यापासून बावीस फूट वर आहे, म्हणजे २६४ फूट रॅम्प. कुठे घालू, मासळी मार्केटात? इमारत माझीही नाही. तळमजल्यावरची खोली मोकळी झाली तेव्हा मालकाकडे मागितली, त्याने ती मोबाइलच्या दुकानाला दिली. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावतो म्हटलं, तर "भिंतीला भोक पाडायचं नाही." आता बोला.

भाटकाराचो पूत:
मालकाचा विषय निघालाच आहे तर विचारतो, भाडं किती भरता? आमचं पणजीत घर आहे, तळमजल्यावर एक ऑफिस. भाडेकरार माझ्या आजोबांच्या काळचा. १९६८च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे आम्ही ना भाडं मनासारखं वाढवू शकतो, ना खाली करून घेऊ शकतो. येणाऱ्या भाड्यात वर्षातून एकदा कौलं परतणंही होत नाही. लिफ्ट, रॅम्प, रुंद दरवाजे यांचा खर्च कुणी करायचा? ज्याला महिन्याला तीनशे रुपये मिळतात त्याने?

दुसरा मजला, म्हापसा:
मी तीनशे भरत नाही, बाजारभावाने भरतो. सगळे भाडेकरू एका मापाने मोजू नका. आणि कठड्याचा खर्च मीच करणार होतो, तुमच्यासारख्याने नुसतं "हो" म्हणायचं होतं.

भाटकाराचो पूत:
हो म्हटलं की काय होतं ते आम्ही भोगलंय. वडिलांनी एका भाडेकरूला मागे शेड घालायला दिली. दहा वर्षांनी तो कोर्टात म्हणाला, शेडपण भाड्यातच होती. केस अजून चालू आहे, वडील गेले. म्हणून आता खिळासुद्धा लेखी दिल्याशिवाय मारू देत नाही.

कुडचडेकर:
आणि भाडेकरूला भीती उलटी. आपण पायरी फोडून उतार केला की मालक म्हणणार, इमारतीचं नुकसान केलं, खाली करा. माझा भाऊ तीस वर्षं दुकान चालवतो, त्याच भीतीने दारातली तुटकी लादीसुद्धा बदलत नाही. दोघेही एकमेकांना घाबरतात, आणि माझी व्हीलचेअर दोघांच्या मध्ये रस्त्यावर उभी.

भाटकाराचो पूत:
तुमची अडचण समजते. पण ती आमच्या डोक्यावर का?

पणजीची वकील:
मालक-भाडेकरू वाद वेगळा धागा काढून घाला, इथे दोन गोष्टी स्पष्ट करते. सीए साहेब, २०१६चा दिव्यांगजन अधिकार कायदा फक्त सरकारी कचेऱ्यांसाठी आहे असं तुम्ही धरून चाललाय, असं तुमच्या पोस्टवरून वाटतं. तसं नाही. त्यातल्या खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनीबरोबर "फर्म" शब्द सरळ आहे. कलम ४६ सेवा देणाऱ्यांबद्दल आहे, सरकारी असो वा खासगी. पहिल्या उल्लंघनाला दंड दहा हजारांपर्यंत, पुढच्याला पन्नास हजार ते पाच लाख.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अर्धंच सांगितलं म्हणाल. इमारत, वेबसाइट अपंगांना वापरता यावी म्हणून कशी हवी, याचे निकष मुळात ढिले होते. ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या २०१७च्या नियमांतला नियम १५(१) रद्द केला, कारण कायदा सक्ती सांगतो आणि नियम शिफारशीच्या भाषेत बोलतो. म्हणजे छोट्या फर्मला "नक्की काय करू" हा प्रश्न पडला तर तो खोटा नाही, एवढं मान्य. पण ३० एप्रिल २०२५च्या प्रज्ञा प्रसून निकालात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग धरलाय. तिथे २६४ फूट लांबी लागत नाही.

माझं स्वतःचं गाऱ्हाणंही आहे. बार कौन्सिलच्या नियमांनी आम्हाला जाहिरात बंद, वेबसाइटवर काय लिहायचं तेही ठरवून दिलेलं. दाराशी उतार केला, तर तो आहे हे लोकांना कळवू कसं?

साखळीची लेक:
वकीलबाई, मी फोन करते तेव्हा सांगा. मी विचारते, "वर यायला किती पायऱ्या?" आणि समोरून उत्तर येतं, "कुणाला तरी घेऊन या ना बरोबर."

कुडचडेकर:
ताई, तुमच्याशी मी अर्धाच सहमत. मला पोलिओ आहे, ६० टक्के, दोन्ही कुबड्या, लांब जायचं तर व्हीलचेअर. मला सीए घरी आलेला हवाय. पणजीत गाडी लावायची कुठे, मग फूटपाथवर चढायचं कसं, वर स्मार्ट सिटीच्या कामात कुठे खड्डा उघडा असेल सांगता येत नाही. ऑफिसचा उतार कितीही छान केला तरी मी तिथवर पोचत नाही. घरभेट ही माझ्यासाठी खरी सोय आहे, तिला नावं ठेवू नका.

पण सीए साहेब, हेही ऐका. माझा जुना सीए चार वर्षं माझं रिटर्न भरत होता. आयकर कायद्याच्या ८०यू कलमाखाली अपंग करदात्याला ७५ हजारांची वजावट मिळायची, त्याने एकदाही घेतली नाही. तेव्हा जुन्याच पद्धतीने कर भरायचो, २० टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे उपकर धरून वर्षाला १५ हजार ६०० रुपये गेले. विचारलं तर म्हणाला, "तुम्ही कधी सांगितलं नाही." मी कुबड्या घेऊन त्याच्यासमोर बसायचो. त्याला वाटलं, विचारणं बरं दिसणार नाही.

दुसरा मजला, म्हापसा:
ही चूक मी करत नाही. प्रत्येकाला सर्टिफिकेट विचारतो.
(नंतर) नवीन पद्धतीत ८०यू नाही, हेही लिहा, नाहीतर उद्या सगळे माझ्याकडे धावतील.

पर्वरीतला एक नवरा:
सगळे जिन्याचं बोलताय म्हणून. माझी बायको बहिरी आहे. तिच्या स्वतःच्या नावाच्या एफडीचं काम, तिने मेसेज पाठवला, "कॉल करू नका, लिहा." ऑफिसातून सहा मिस्ड कॉल. सातवा मला. मला म्हणाले, "मॅडम फोन उचलत नाहीत." सांकेतिक भाषेचा दुभाषा रोज कुणी ठेवावा असं मी म्हणत नाही, तो मिळणंही सोपं नाही. पण टाइप करायला काय लागतं?

डिचोलीचा मास्तर:
सगळ्यांना विनंती, "अपंग" नको, "दिव्यांग" म्हणा.

साखळीची लेक:
मास्तर, मला कुठलाही शब्द चालेल, फोन माझ्या नंबरवर आला पाहिजे.

कुडचडेकर, घरभेटीला मी नावं ठेवलेली नाहीत. घरी या, खुशाल या. आलात की माझ्यासमोर बसा, मला वाचून दाखवा, आणि भावाला सांगा, जरा बाहेर बसा. खासगी प्रश्न असेल तर मी घरच्यांसमोर विचारू शकत नाही, हे डोळस क्लायंटच्या बाबतीत तुम्हाला न सांगता कळतं.

आणि सीए साहेब, तुमच्या वेबसाइटवरची मराठी माहितीपत्रकं मी काल उघडली. ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. तुम्हाला डोळ्याला मराठी दिसते, माझा फोन इंग्रजी अक्षरांचा कचरा वाचतो. युनिकोडमध्ये टाइप करा. वर्डमधून थेट पीडीएफ काढा, छापून स्कॅन करू नका. सहीचं पान तेवढं वेगळं स्कॅन करा. याला मालकाची परवानगी लागत नाही.

भाटकाराचो पूत:
पुन्हा मालक.

दुसरा मजला, म्हापसा:
फॉन्टचं मला माहीत नव्हतं. आमचा टायपिस्ट वीस वर्षं त्याच कीबोर्डवर बसतो, रिटर्नच्या ३१ जुलैच्या मुदतीच्या तोंडावर त्याला नवीन शिकवणार नाही. ऑगस्टमध्ये बघतो. माझ्या पोस्टचा सूर चढा होता, तेही ठीक. पण "सेवा देत नाही" हे मी मान्य करणार नाही. वडिलांची सगळी कामं मीच केली, त्यांना कधी काही कमी पडू दिलं नाही.

साखळीची लेक:
त्यांच्या बँकेच्या कागदांवर काय होतं, ते त्यांना कोण सांगायचं?

दुसरा मजला, म्हापसा:
मीच सह्या घ्यायचो.

त्यांना बोलता येत नव्हतं. समजत सगळं होतं.

पणजीची वकील:
साहेब, तुमच्या इमारतीच्या मालकाला कठड्याची परवानगी लेखी मागा. मसुदा मी करून देते, त्यात "यामुळे भाडेकरूला कोणताही जादा हक्क मिळणार नाही" अशी ओळ घालू. भाटकारांच्या पुतांनाही चालेल बहुतेक.

भाटकाराचो पूत:
आधी मसुदा दाखवा, मग बघू. आमच्या ऑफिसवाल्याने मागितला तर.

दुसरा मजला, म्हापसा:
पाठवा. ताई, तुम्हीही वाचा तो, थेट वर्डमधून काढलेला पाठवायला सांगतो.