एचबीएवनसी सगळ्यांनाच लागू पडते असं नाही

बरेच जण म्हणतात की एचबीएवनसी ही मधुमेहासाठीची रक्ताची टेस्ट म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, म्हणून उपाशीपोटीच्या टेस्टपेक्षा तीच खरी. सरासरीचं बरोबर आहे, पण 'तीच खरी' हे काही सरसकट पटत नाही. ही टेस्ट शुगर थेट मोजतच नाही, लाल पेशींतल्या किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय ते मोजते, आणि लाल पेशी जगते साधारण 120 दिवस, तिथूनच ते तीन महिने आले. आता पेशीच लवकर मरत असतील (सिकलसेल, थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार) किंवा बराच रक्तस्राव होऊन नव्या पेशी भराभर तयार झाल्या असतील तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो. उलट लोहाची कमतरता असेल तर जास्त येऊ शकतो.

आमच्या मावशीचा एचबीएवनसी 6.6 आला, घरात लगेच गोड बंद! डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन बघितलं, ते 8 च्या आसपास, म्हणजे कमीच, मग लोहाच्या गोळ्या देऊन नंतर परत टेस्ट केली तर 6 च्या खाली. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल बराच आहे, तिकडच्या लोकांनी तर डॉक्टरांना फ्रुक्टोसामीन नावाच्या रक्ताच्या टेस्टबद्दल जरूर विचारावं, ती शेवटच्या दोन-तीन आठवड्यांच्या शुगरचं सांगते आणि लाल पेशींवर अवलंबून नसते.