फॉस्फरस चढलेली ५००डीची (सळईचा कमी फॉस्फरसचा ग्रेड) हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा पोलादाचा रस, कुठं वळवावी?

प्रश्न (जालना): १० टनी इंडक्शन भट्टी, सिलिका लायनिंग (आतलं अस्तर). बाथ सॅम्पल (भट्टीतल्या रसाचा नमुना): कार्बन ०.२२, सल्फर ०.०३६, फॉस्फरस ०.०४८ टक्के. चुन्यानं उतरेल का?

उत्तर: नाही दादा. चुना लायनिंगच खाईल, फॉस्फरस तिथंच राहील. ५००डीला ०.०४०च चालतो, साध्या ५००ला ०.०५५ अन् सल्फरसकट बेरीज ०.१०५. तुमची ०.०८४. बिनधास्त साध्या ५००त वळवा.

उत्तर २: ५००डीच हवं असेल तर ३ टन रस काढून तेवढंच ०.०१५ फॉस्फरसचं पंचिंग स्क्रॅप (पत्रा कापून उरलेले तुकडे) भरा, ०.०३८ येईल. पण विजेचं बिल बघा! स्पंज आयर्ननं (खनिजापासून थेट केलेलं सच्छिद्र लोखंड) भागवू नका, त्यात फॉस्फरस असतोच.

उत्तर ३: वळवताना सीसीएमवाल्याला (रस ओतून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, पाडणाऱ्या मशीनवाल्याला) आधी सांगा. टंडिशमध्ये (त्या मशीनवरच्या रसाच्या कुंडात) मागची ५००डी असेल तर सांध्यावरचे मिसळलेले बिलेटही ५००तच टाका. रंग अन् हीट नंबर गरम असतानाच बदला.