वरच्या प्लॅनचे पूर्ण पैसे, चित्र मात्र धूसर: दोष कुणाचा हे सिद्ध कसं करायचं?

कर्वेनगर_५५इंची

नमस्कार मंडळी. ५५ इंची ४के टीव्ही, २०० एमबीपीएसचं फायबर आणि एका ओटीटीचा सर्वांत वरचा प्लॅन, वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले. गेले दोन महिने रात्री नऊ ते अकरा चित्राची पार रया जाते. अंधारातल्या प्रसंगात भिंतीवर राखाडी रंगाच्या पायऱ्या दिसतात. क्रिकेट लावलं की मैदानावरचं गवत दिसत नाही, नुसता हिरवा रंग फासल्यासारखा वाटतो. तोच भाग सकाळी सातला स्वच्छ दिसतो. स्पीड टेस्ट रात्रीही १८० दाखवते. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: ॲप काढून पुन्हा टाका, राउटर बंद करून चालू करा. तीनदा केलं. पैसे पूर्ण घ्यायचे आणि चित्र निम्मं द्यायचं, हे मला अजिबात मान्य नाही. दोष नेमका कुठे आहे हे कसं दाखवायचं? आणि पैसे परत मागता येतात का?

वायर_आणि_वेग

सकाळी चांगलं दिसतं, हा तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. टीव्ही, त्याची सेटिंग्ज, प्लॅन यांपैकी काही चुकत असतं तर सकाळीही तसंच दिसलं असतं. म्हणजे उरले तिघे: घरातलं वायफाय, इंटरनेटवाला, नाहीतर खुद्द ओटीटी.

त्या १८० वर विसंबू नका. स्पीड टेस्टचा सर्व्हर बहुतेक वेळा तुमच्या इंटरनेटवाल्याच्याच जाळ्यात किंवा अगदी जवळ असतो. व्हिडिओ येतो वेगळ्या सर्व्हरवरून, वेगळ्या वाटेने. ती वाट रात्री तुंबली तरी स्पीड टेस्टला त्याचा पत्ता नसतो. शिवाय ४के ला एवढा वेग लागतही नाही. नेटफ्लिक्स स्वतः ४के साठी १५ आणि १०८०पी साठी ५ एमबीपीएस सांगतं.

आधी वायफाय बाजूला काढा. आपल्याकडच्या सोसायट्यांत रात्री २.४ गिगाहर्ट्झवर प्रत्येक फ्लॅटचा राउटर बोलत असतो, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. कॅट-६ ची केबल राउटरपासून थेट टीव्हीच्या लॅन पोर्टला लावा. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्यामुळे टीव्हीवर ९०-९५ दिसलं तर घाबरू नका, ते ४के ला भरपूर झालं.

केबलनेही फरक पडला नाही तर त्याच रात्री, त्याच टीव्हीवर, तोच भाग दुसऱ्या कंपनीच्या ५जी हॉटस्पॉटवर लावा. हॉटस्पॉटला किमान ३० एमबीपीएस मिळतोय ना, हे आधी बघा. तिथे चित्र सुधारलं तर गडबड इंटरनेटवाल्याच्या वाटेत. तिथेही धूसरच राहिलं तर बोट ओटीटीकडे.

बिटरेट_मोजा

वरच्या प्रतिसादाला जोड. ‘धूसर दिसतं’ असं लिहून दिलं की समोरचा ते उडवून लावतो, म्हणून आकडा काढा. कोपऱ्यातल्या ‘४के’ या बिल्ल्यावर जाऊ नका. बिल्ला पिक्सेल किती ते सांगतो, त्या पिक्सेलांत माहिती किती भरली ते सांगत नाही. पायऱ्या दिसणं आणि गवत पुसलं जाणं ही बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला येणारी चित्राची माहिती, कमी झाल्याची लक्षणं आहेत.

बाकी सगळी उपकरणं वायफायवरून काढा. राउटरच्या पानावर टीव्हीने किती डेटा घेतला ते टिपा, एक भाग बरोबर ३० मिनिटं चालवा, परत टिपा. तासाला जितके जीबी, त्याला २.२ ने गुणलं की सरासरी एमबीपीएस मिळतात. रात्रीचं आणि सकाळचं, दोन्ही मोजा. भाग तोच हवा आणि सुरुवातही त्याच मिनिटापासून हवी, कारण संथ संवादांना कमी आणि धावपळीच्या दृश्यांना जास्त डेटा लागतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. बिटरेट घटला म्हणजे दर्जा घटलाच असं नाही. व्हिडिओ दाबून लहान करायच्या जुन्या एच.२६४ पद्धतीऐवजी एचईव्हीसी किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीने पाठवलं तर साधारण निम्म्या डेटात तेवढंच चित्र येतं. म्हणून मोजमाप एकाच टीव्हीवर, एकाच ॲपवर करायचं आणि सोबत पडद्याचा फोटोही काढून ठेवायचा. फोटो अंधाऱ्या दृश्याचा घ्या, दोन्ही वेळी त्याच सेकंदाला थांबवून.

कर्वेनगर_५५इंची

मोजलं. केबलवर सकाळी ३० मिनिटांत २.९ जीबी, रात्री ०.८ जीबी. हॉटस्पॉटवर रात्री पुन्हा ०.८, तिथला वेग ९० होता.

बिटरेट_मोजा

म्हणजे सकाळी साधारण १२.८ आणि रात्री ३.५ एमबीपीएस. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्यांवर आकडा तोच येतोय, तर हात ओटीटीकडूनच आखडलेला दिसतो.

डीआरएम_खिडकी

लॅपटॉप किंवा मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी, कारण तिथलं कारण निराळं असतं. अँड्रॉइड फोनवर वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारं कुलूप) वरच्या एल१ पातळीचं नसून खालच्या एल३ चं असेल तर बहुतेक ॲप ४८०पी च्या आसपासच थांबतात, प्लॅन कितीही वरचा असो. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) उघडला किंवा मदरबोर्ड बदलला की एल१ जाऊ शकतं. टीव्हीला बाहेरचा बॉक्स जोडला असेल तर मधली प्रत्येक वस्तू एचडीसीपी २.२ या कॉपी रोखणाऱ्या मानकाची हवी. जुना साउंड ॲम्प्लिफायर मध्ये असला की ४के गेलंच. कॉम्प्युटरवर नेटफ्लिक्स चालू असताना कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि डी एकत्र दाबलं की बिटरेट पडद्यावर दिसतो.

ग्राहक_पक्ष

आता पैशांचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे, कराराने कबूल केलेल्या दर्जात उणीव राहिली तर ती सेवेतली त्रुटी ठरते. त्यांच्या अटींत ‘४के पर्यंत’, ‘इंटरनेटच्या वेगानुसार’ अशी पळवाट असणार. तुमची हॉटस्पॉटची चाचणी ती पळवाट बंद करते, म्हणून ती कागदावर आणाच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ओटीटी कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर ४८०पी ची मर्यादा १४ एप्रिलपर्यंत ठेवली होती. पण ते जाहीर सांगून आणि मुदत घालून केलं होतं. न सांगता कापणं वेगळं, आणि माझ्या मते तक्रारीचा मुख्य मुद्दा तोच असावा.

प्लॅनच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच घ्या, मजकूर बदलतो. पावती सोबत ठेवा. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. चॅटवर भागवू नका, चॅट हाती राहत नाही. उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथेही अडलं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग: तक्रारदार राहतो तिथे दावा लावता येतो, कंपनीचं कार्यालय मुंबईत असो वा परदेशात. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वकील लागतोच असं नाही.

दोष इंटरनेटवाल्याचा निघाला असता तर वाट दुसरी होती: आधी तक्रारीचा डॉकेट नंबर, मग त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण.

ईमेलमध्ये रागाची वाक्यं नकोत, मागणी रुपयांत हवी. वरच्या आणि त्याखालच्या प्लॅनच्या मासिक किमतीतला फरक गुणिले महिने. मजकूर साधारण असा: ‘अमुक तारखेला, अमुक भाग, एकाच टीव्हीवर. सकाळी ७ वाजता ३० मिनिटांत २.९ जीबी, रात्री १० वाजता ०.८ जीबी, दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर, वेग ९० एमबीपीएस असताना, ०.८ जीबी. फोटो जोडले आहेत. दर्जा कमी केल्याची सूचना मला मिळालेली नाही. दोन महिन्यांचा फरक इतके रुपये १५ दिवसांत मूळ खात्यावर परत करावा, अथवा दर्जा कमी का केला ते लेखी कळवावं.’